इंजिनाच्या पोटातला वारा

रस्त्यावरच्या गाडीला उतार लागतो, सिग्नल लागतो, पुढे ट्रक आला की रेस सोडावी लागते. खंडाळ्याचा घाट चढून वर आलं की तिचं इंजिन जरा सैल पडतं. बोटीला असला विसावा नाही. बोटीच्या दृष्टीने पाणी म्हणजे कायमचा चढ. रेस सोडली की ती लगेच पाण्यात बसते. मोटारीत असताना जे इंजिन फुल रेसवर क्वचितच जातं, तेच वेगाच्या बोटीत बसवलं की जवळजवळ पूर्ण ताकदीवर तासन्‌तास फिरत राहतं. या पुस्तकात पुढे जे काही आहे, ते बहुतेक सगळं या एका फरकातून निघालेलं आहे.

विषयाचं नाव भारदस्त आहे: क्रँककेसमधला दाब आणि वायुवीजन. आपल्याकडच्या गॅरेजात याच दुखण्याला ‘बॅक कॉम्प्रेशन’ म्हणतात. पिस्टनच्या डोक्यावर पेटलेला गॅस सगळाच्या सगळा पिस्टन ढकलण्यात खर्ची पडत नाही. थोडा रिंगांच्या फटीतून निसटतो आणि खाली क्रँककेसमध्ये, तेलाच्या चेंबरकडे उतरतो. जुन्या, झिजलेल्या इंजिनातच हे होतं असं समजू नये. कालच बांधून झालेल्या इंजिनातही होतं, फक्त कमी.

किती कमी, याचा हिशेब करून बघण्यासारखा आहे. अमेरिकेतल्या वेगवान बोटींत वर्षानुवर्षं चाललेलं एक इंजिन म्हणजे शेवरले घराण्यातलं ‘५०२’. ५०२ क्युबिक इंचांचं, म्हणजे ८.२ लिटरचं व्ही-८. चार स्ट्रोकचं इंजिन दोन फेऱ्यांत एकदा आपल्या आकारमानाइतकी हवा ओढतं. तेव्हा मिनिटाला ५,००० फेऱ्यांवर हे धूड मिनिटभरात सुमारे २०,००० लिटर हवा गिळतं. त्यातला शंभरावा हिस्सा रिंगांमधून निसटला असं धरलं, तरी दर मिनिटाला २०० लिटर गॅस पोटात उतरला. डिझेलचं एक अख्खं पिंप. तो बाहेर काढायला जर बोटाएवढी एकच नळी ठेवली असेल, तर पुढे काय होणार हे सांगायला इंजिनिअर लागत नाही.

मग रिंगांची फट बुजवूनच का टाकत नाहीत? या इंजिनाच्या सिलिंडरचा व्यास ११३ मिलिमीटर. रिंग तापली की लांबते. तिच्या दोन टोकांत जागाच ठेवली नाही तर टोकं एकमेकांना भिडतात, रिंग सिलिंडरच्या भिंतीत रुतते आणि पिस्टनचा काठ तोडून मोकळी होते. म्हणून बांधणारा थंड रिंगेत साधारण अर्ध्या मिलिमीटरची फट ठेवतो. सुपरचार्जर बसणार असेल तर उष्णता जास्त, म्हणून पाऊण मिलिमीटरपर्यंत जातो. म्हणजे जितकी ताकद अधिक, तितकी फट मोठी, आणि तितका वारा पोटात. त्यात हे पिस्टन घडीव अ‍ॅल्युमिनियमचे. ते फुगतात जास्त, म्हणून सैल बसवावे लागतात. आणि शर्यतीच्या बऱ्याच बोटींत थर्मोस्टॅट काढून टाकून तळ्याचं गार पाणी थेट ब्लॉकमधून फिरवतात. त्यामुळे पिस्टन पुरता फुगून नीट बसतच नाही. निसटणारा हा वारा बांधणाऱ्याच्या चुकीने आलेला नसतो. त्याने तो समजून-उमजून पत्करलेला असतो. पत्करला आहे तर वाट करून द्यायची, एवढंच आपल्या हातात.

वाट करून द्यायची पद्धत मोटारीच्या जगात ठरून गेलेली आहे, आणि घोटाळा तिथेच सुरू होतो. पूर्वी गाड्यांना इंजिनाच्या बगलेतून एक नळी खाली सोडलेली असे. गाडी पळाली की तोंडावरून वाहणारा वारा नळीतला गॅस ओढून नेई. दुसऱ्या महायुद्धात पाण्यातून पार व्हावं लागणाऱ्या लष्करी वाहनांना ही उघडी नळी चालेना, तेव्हा क्रँककेस बंद करून आतला गॅस इनटेक मॅनिफोल्डच्या ओढीने परत जाळायची युक्ती वापरात आली. पुढे धुरक्याने हैराण झालेल्या कॅलिफोर्नियाने हीच युक्ती १९६१ च्या मॉडेलांपासून मोटारींना लावली. तेच ते पीसीव्ही व्हॉल्व, आता बहुतेक सगळ्या पेट्रोल गाड्यांत असतं. योगायोग असा की त्याच १९६१ साली शिकागोच्या बोट-प्रदर्शनात मर्क्रूझरचा स्टर्नड्राइव्ह पुढे आला आणि मोटारीचं व्ही-८ बोटीच्या पाठीत बसवणं सोपं झालं. इंजिन आलं, आणि त्याच्याबरोबर मोटारीचं व्हॉल्वही आलं.

आता हे व्हॉल्व ओढतं कशाच्या जोरावर? मॅनिफोल्डमधल्या निर्वाताच्या. इंजिन आयडलला असताना तिथे १५ ते २० इंच पाऱ्याइतकी ओढ असते, कारण थ्रॉटल जवळजवळ बंद असतो. थ्रॉटल सताड उघडला की ती ओढ शून्यावर येते. आणि गॅस सर्वांत जास्त निसटतो कधी? थ्रॉटल सताड उघडल्यावर. गरज नसते तेव्हा व्हॉल्व जोरात ओढतं, आणि गरज पडते तेव्हा हात वर करतं. मोटारीत हे खपून जातं, कारण ती थोड्याच वेळात पुन्हा रेस सोडते. बोट सोडत नाही. त्यातून मोठ्या कॅमशाफ्टचं शर्यतीचं इंजिन असेल तर आयडललाही ओढ निम्म्यावर येते, व्हॉल्वच्या स्प्रिंगला काय करावं हे कळत नाही आणि ते नुसतं फडफडत बसतं. सुपरचार्जर असेल तर आणखीच गंमत. मॅनिफोल्डमध्ये ओढ राहतच नाही, उलट दाब असतो. व्हॉल्वने उलट्या दिशेला घट्ट मिटायला हवं. नाही मिटलं तर सुपरचार्जर थेट तेलाच्या चेंबरमध्ये हवा भरू लागतो.

लेखकाने पुस्तकाची मांडणी करताना म्हणूनच उलट्या टोकाकडून सुरुवात केली आहे, आणि मला ती सर्वांत पटली. आधी फुल रेसवर गॅस कुठून जाणार हे ठरवायचं. आयडलचं नंतर बघायचं. एका टॅपेट कव्हरमधून ताजी हवा आत आणि दुसऱ्यातून गॅस बाहेर, असं चित्र सगळ्या माहितीपुस्तकांत असतं. ते आयडलपुरतं खरं. फुल रेसवर दोन्ही तोंडं बाहेर फेकू लागतात, आणि ‘हवा आत यायची’ म्हणून जिथे साधी चिमुकली गाळणी लावली होती तिथून तेलाचे फवारे उडतात. दोन्ही तोंडं बाहेर जाण्याच्या मापाचीच हवीत.

वाचकाने सर्वांत सावकाश वाचावं असं प्रकरण तेलाच्या परतीवरचं आहे. पंप तेल वर ढकलतो, ते रॉकर आणि स्प्रिंगांवरून ओघळतं आणि हेडमधल्या भोकांतून खाली चेंबरमध्ये परततं. निसटलेल्या गॅसलाही वर जायला वाट पाहिजे, कारण ब्रीदर, म्हणजे गॅस बाहेर सोडणारी तोंडं, वर टॅपेट कव्हरवर आहेत. त्याला दुसरी वाट कुठली? तीच भोकं. गॅस थोडा असेल तर दोघांचं जमतं: तेल कडेकडेने उतरतं, गॅस मधून चढतो. वेग वाढला की वर येणारा गॅस उतरणाऱ्या तेलाला अडवतो. तेल वरच साचतं, टॅपेट कव्हर भरतं, ब्रीदरमधून बाहेर पडतं, आणि त्याच वेळी खाली चेंबर रिकामा होत जातो. पंपाला तेलाऐवजी फेस मिळतो. लांब धावेच्या शेवटी ऑइल प्रेशरचा काटा थरथरायला लागला की मेकॅनिक पंप बदलतो, रिलीफ व्हॉल्वची स्प्रिंग बदलतो, मोठा चेंबर लावतो. बेअरिंग तरीही जातात. दोष पंपात नसतोच.

त्यात बोट कधी सपाट नसते. प्लेनिंगवर आली, म्हणजे वेगाने पाण्यावर उचलून धावू लागली, की नाक वर, शेपूट खाली. इंजिनाच्या मागच्या टोकाची भोकं तेलात बुडतात आणि पुढची कोरडी पडतात. लाटेवरून उडाली की पंखा हवेत मोकळा फिरतो, फेऱ्या एकदम चढतात, आणि आपटताना चेंबरमधलं तेल उसळून क्रँकच्या वाटेत येतं. ५,००० फेऱ्यांवरचा क्रँक त्याचं धुकं करतो. ब्रीदर टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यात असावा की पुढच्या, त्याखाली आडवी पट्टी हवी की नको, याचं उत्तर बोट पाण्यात कशी बसते यावरून काढायचं असतं. इंजिनाकडे नुसतं बघून ते सापडत नाही. स्टँडवर झकास चाललेलं इंजिन पाण्यात पहिल्याच दिवशी तेल ओकतं, याचं कारण बहुधा हेच असतं.

या धंद्याची पंढरी म्हणजे मायामी. १९५६ पासून मायामी ते नासाऊ अशी उघड्या समुद्रातली शर्यत होऊ लागली. १९६० साली रे हंटने आखलेल्या खोल व्ही आकाराच्या तळाच्या ‘मॉपी’ने ती जिंकली आणि वेगाच्या बोटीचा आकार कायमचा बदलला. मग डॉन अ‍ॅरोनॉवने मायामीजवळच्या एका गल्लीत एकामागून एक फॉर्म्युला, डोन्झी, मॅग्नम, सिगारेट अशा कंपन्या काढल्या. त्या गल्लीला ‘थंडरबोट रो’ असं नाव पडलं. खोल तळामुळे बोटी लाटांतही रेस न सोडता जाऊ लागल्या. बोटीच्या तळाचा इतिहास सगळे सांगतात; पण तळ सुधारला म्हणून इंजिनाचा उरलासुरला विसावाही गेला, हे फारसं कुणी सांगत नाही.

निसटलेला गॅस निव्वळ दाब देत नाही. बरोबर पाणी आणि कच्चं पेट्रोलही आणतो. लिटरभर पेट्रोल जळलं की जवळपास लिटरभर पाणी तयार होतं. बरंचसं एक्झॉस्टमधून वाफ होऊन जातं, थोडं पोटात येतं. तेल शंभर अंशांच्या आसपास पोचलं तर तेही उडून जातं. गार पाण्यावर चालणाऱ्या इंजिनात तेल तिथवर पोचत नाही. मग तेलाचं झाकण उघडलं की आतून पिवळट, दह्यासारखा थर लागलेला दिसतो. पुष्कळ जण तो पाहून हेड गॅसकेट गेलं म्हणून इंजिन खोलतात. आधी डिपस्टिक पाहावी: थर फक्त झाकणाखाली आहे आणि डिपस्टिकवरचं तेल स्वच्छ आहे, तर गॅसकेटपेक्षा वायुवीजनाचा संशय घ्यावा.

हा तेलमिश्रित गॅस सोडायचा कुठे? बोटीत उघड्यावर सोडता येत नाही. इंजिनाची खोली बंद असते, पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे तळाशी बसते आणि एका ठिणगीची वाट पाहते. बॅकफायरची ज्वाळा अडवणारी जाळी, म्हणजे फ्लेम अरेस्टर, अमेरिकेत आउटबोर्ड सोडून पेट्रोल इंजिनांना १९४० पासून सक्तीची आहे, ती याच भीतीपोटी. म्हणून नळी त्या जाळीकडे नेतात, म्हणजे गॅस पुन्हा इंजिनातच जळावा. कायद्याला आणि हवेला हे बरं. इंजिनाला मात्र मधे तेल वेगळं करणारा डबा नसेल तर घातक. तेलाने माखलेली जाळी हवा अडवते. सिलिंडरमध्ये गेलेलं तेल पेट्रोलचा ऑक्टेन खाली आणतं. ऑक्टेन पडला की नॉकिंग, नॉकिंगने पिस्टनचा रिंगेजवळचा काठ तुटतो, काठ तुटला की आणखी गॅस पोटात, आणखी तेल जाळीवर. हे चक्र पूर्ण व्हायला मोसम लागत नाही, एक दुपार पुरते.

मोठ्या जहाजांवर हाच विषय जिवावर बेततो. ११ सप्टेंबर १९४७ ला बेलफास्टजवळ ‘रैना देल पासिफिको’ या प्रवासी जहाजाच्या चाचणीफेरीत इंजिनांच्या क्रँककेसमध्ये स्फोट होऊन २८ माणसं गेली. तापून लाल झालेल्या भागावर तेलाची वाफ होते, ती निवून पांढरं धुकं होतं, आणि ते धुकं पेटतं. त्यानंतर या धुक्याचा खोलवर अभ्यास झाला. आज आंतरराष्ट्रीय नियमांनी २०० मिलिमीटर किंवा जास्त व्यासाच्या सिलिंडरच्या इंजिनाला क्रँककेसवर दाब सोडणारी झाकणं लावावीच लागतात. आपल्या ११३ मिलिमीटरच्या व्ही-८ ला तो नियम लागत नाही. त्याचं पोटही लहान आहे. धुक्याचा स्वभाव मात्र तोच.

एका मुद्द्यावर लेखकाचं नि माझं जुळत नाही. त्याने व्हॅक्यूम पंपाला अख्खं प्रकरण दिलं आहे. पट्ट्यावर फिरणारा पंप क्रँककेसमधली हवा ओढून १० ते १२ इंचांचा निर्वात ठेवतो. रिंगा चांगल्या बसतात, हलक्या ताणाच्या रिंगा चालतात, ताकद वाढते. हे सगळं मान्य. पण ही युक्ती ड्रॅग रेसिंगची आहे, तिथली धाव ४०० मीटरची, काही सेकंदांत संपणारी. बोटीत तोच पंप तासभर फिरतो. निर्वात खोल गेला की उडणाऱ्या तेलावर जगणारी पिस्टन-पिन उपाशी राहते, आणि ऑइल सील ज्या बाजूने तेल अडवायला बनलं आहे त्याच्या उलट बाजूने खारी हवा आत घेऊ लागतं. ड्राय संप ज्याला परवडतो त्याने तो घ्यावा. त्याचे पंप तेलाबरोबर गॅसही ओढून बाहेरच्या टाकीत नेतात. मग टाकीला श्वास घ्यायला पुरेशी वाट ठेवायला विसरू नये. ज्याला परवडत नाही त्याने पंपाऐवजी त्याच पैशात चार जाड नळ्या आणि एक मोठा, आत पट्ट्या असलेला डबा घ्यावा, असं माझं मत आहे. एक्झॉस्टच्या ओढीवर चालणाऱ्या नळ्यांबद्दल मात्र आम्ही दोघं एका मताचे: मोटारीच्या शर्यतीत त्या ठीक, पण बोटीच्या एक्झॉस्टमध्ये पाणी सोडलेलं असतं, आणि रेस झटकन सोडली की ते उलटं येतं. खारं पाणी आणि तेल यांच्यामध्ये तेव्हा फक्त एक लहानसं एकदिशा व्हॉल्व उरतं.

मोजण्याचं प्रकरण छोटं आहे आणि खरं तर तिथूनच काम सुरू करायला हवं. गवंडी पाणसळीला वापरतात ती पारदर्शक नळी घ्यावी, फळीवर इंग्रजी यू आकारात ठोकावी, अर्धी रंगीत पाण्याने भरावी, आणि एक टोक डिपस्टिकच्या नळीला घट्ट बसवावं. दुसरं टोक उघडं. दोन्ही बाजूंच्या पाण्यातला फरक म्हणजे क्रँककेसचा दाब. ७० सेंटीमीटर म्हणजे साधारण १ पीएसआय. निरोगी इंजिनात पाणी जागचं हलू नये किंवा इंजिनाच्या बाजूला किंचित चढावं. मोजायचं ते बोट भारावर पळत असताना. जेटीला बांधून रेस दिली तर पंख्याचा भार वेगळा पडतो आणि नळी खोटं बोलते. आकड्यापेक्षा मी त्याच्या चालीकडे जास्त बघतो: मोसमाच्या सुरुवातीला दोन सेंटीमीटर आणि दिवाळीनंतर बारा असतील, तर मागचं ऑइल सील गळायला लागायच्या आत रिंगांचा विचार सुरू करता येतो. सील आधी बदललं तर नवंही तसंच गळतं, आणि दोष दुकानदारावर जातो.

हे पुस्तक फ्लोरिडाच्या बोटींवरचं असलं तरी वाचक कोकणातलाही असेल, हे धरून लेखकाने लिहिलं आहे. मरीन ड्राइव्हसमोर मार्च २०१७ मध्ये पॉवरबोटींची शर्यत झाली तेव्हा गर्दीने तो आवाज ऐकला, पण त्या आउटबोर्डच्या बोटी होत्या आणि इथे आपण इनबोर्ड व्ही-८ बद्दल बोलतो आहोत. टू-स्ट्रोकही या पुस्तकात नाहीत. त्यांचं क्रँककेस हाच त्यांचा पंप, तेव्हा प्रश्नच वेगळा. रत्नागिरी-मालवणकडच्या मच्छीमारांचा संबंध मात्र थेट लागतो. त्यांच्या ट्रॉलरमध्ये ट्रकच्या कुळातलं डिझेल असतं. त्याला थ्रॉटल नाही, म्हणून मॅनिफोल्डची ओढही नाही. गॅस जातो तो ब्रीदरच्या साध्या नळीतून. तांडेल आणि मेकॅनिक तेलाचं झाकण काढून उलटं ठेवतात आणि ते नाचतं की उडतं हे पाहून इंजिनाचं वय सांगतात. ही परीक्षा ढोबळ आहे, पण खोटी नाही. पाण्याची नळी जोडली की तिला आकडा मिळतो.

त्यांच्यासाठी एक गोष्ट पुस्तकात राहून गेली आहे, ती पुढच्या आवृत्तीत यावी. पावसाळी बंदीत बोट वर ओढली की इंजिन दोनेक महिने उभं राहतं आणि ब्रीदरमधून दमट, खारी हवा आत-बाहेर करत राहते. तेव्हा बोट ओढण्याच्या आधीच तेल बदलावं, नंतर नव्हे. जुन्या तेलातलं आंबट पाणी दोन महिने बेअरिंगवर बसू देऊ नये. मग ब्रीदरच्या तोंडात तेलात भिजवलेल्या कापडाचा बोळा घालावा, त्याला सुतळी बांधावी आणि सुतळीचं दुसरं टोक स्टार्टरच्या चावीला बांधून ठेवावं. बोळा तसाच ठेवून इंजिन चालू केलं, तर पहिलं सील काही मिनिटांतच बाहेर येईल.